टिल्डीबाईंच्या जागी

मंगळवार, २६ फेब्रुवारी

जेनेल,

हे पत्र उत्तरासाठी नाही. तुझं नाताळचं कार्ड मिळालं. दरवर्षी मिळतं. आतला मजकूर छापील आणि खाली नुसतं 'जे'. पाकिटावरचा पत्ता मी वहीत उतरवून ठेवते, कारण दोन-तीन वर्षांनी तो बदलतो. सध्याचा क्वीन्सचा आहे, त्यावरच हे टाकते आहे.

कळवायचं एवढंच, की नऊ मार्चला शनिवारी दुपारी मी एल्ड्रिजमध्ये थिएटरात संगीत नाटक बघायला जाते आहे. चर्चमधल्या म्हाताऱ्यांची बस आहे. माझं तसं काही ठरलेलं नव्हतं. शेजारच्या बर्निसच्या बहिणीला ताप आला, तिचं तिकीट वाया जात होतं. बर्निस म्हणाली, "चल गं अर्लीन, फुकट तर आहे. तेवढंच तुझ्या मिलोशिवाय दुसऱ्या कुणाचं तोंड बघशील." म्हणून जाते.

तुझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी झटका आला, हे तुला कुणी कळवलं की नाही कोण जाणे. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तीन शब्द उरलेत: हो, नको, आणि एक शिवी. शिवी मात्र अगदी स्पष्ट येते. हो आणि नको यांची अदलाबदल होते, त्यामुळे त्यांना कॉफी हवी की नको हे मी त्यांच्या हाताकडे बघून ठरवते.

पेपरात त्या नाटकाविषयी आलं आहे. खाली चार ओळींत लिहिलंय, की या दौऱ्यावरच्या कंपनीत जेनेल व्होंद्रा आहे, मूळची आपल्याच भागातली. व्होंद्रा वाचून मी स्टुलावर बसले. माझा भाऊ गेला तेव्हा माझं माहेरचं नाव संपलं, असं मी धरून चालले होते. तू बाबांचं हावलिक टाकून ते कधी घेतलंस?

मी वर बाल्कनीत असेन. तू काही करावंस असं माझं म्हणणं नाही. फक्त माहीत असावं.

तुझी आई

बुधवार, ६ मार्च

जेनेल,

आज राखेचा बुधवार. फादर घरी येऊन बाबांच्या कपाळाला राख लावून गेले. बाबांनी ती बाहीने पुसली आणि तिसरा शब्द उच्चारला. फादर हसले. मला हसू आलं नाही, कारण बाही मलाच धुवायची होती.

पेपरातलं ते मी कापून घेतलं होतं. बाबा अजून रोज पेपर उघडून बसतात. वाचता किती येतं देव जाणे. त्या दिवशी त्यांनी पान उलटलं, तर मध्ये चौकोनी भोक. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्यातून घातलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"कूपन होतं," मी म्हटलं. "साबणाचं."

त्यांनी बोट काढलं नाही. मी जेवणाचं ताट आणून ठेवलं तेव्हा पेपर बाजूला करावाच लागला.

शनिवारी त्यांच्याजवळ बर्निसचा नवरा बसणार आहे. दोघं मिळून बास्केटबॉल बघतील. एकाला ऐकू येत नाही आणि एकाला बोलता येत नाही, त्यामुळे जोडी बरी जमते. मी बाबांची हरणं हेरायची दुर्बीण बरोबर घेणार आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण दुर्बिणीला एक डोळा पुरतो.

दमले आहे गं. बाबांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं. दिवसाला सहा टॉवेल निघतात. ड्रायरमधून काढले की हनुवटीखाली धरायचे, तीन घड्या घालायच्या, वर दोन थापट्या मारायच्या आणि चळतीवर टाकायचे. कधी कधी वाटतं, मी मेल्यावरही माझे हात हेच करत राहतील.

एल्ड्रिजमध्ये मी शेवटची गेले ती तुला घेऊन. तू सात वर्षांची होतीस. छतावरचे तारे बघून विचारलंस, "हे दिवसा कुठे जातात?" आणि बाजाची पेटी वाजवणाऱ्या माणसासकट रंगमंचासमोरच्या जमिनीतून वर आली, तेव्हा तू खुर्चीवर उभी राहिलीस. मागच्या बाईने तक्रार केली. मी तुला खाली बसवलं नाही. बाबांना मी सांगितलं होतं, की शाळेची सहल आहे, फुकट आहे. पुढे तू नर्सिंगचं शिक्षण सोडून नाटकासाठी निघालीस तेव्हा बाबा म्हणायचे, "हे खूळ हिच्या डोक्यात भरवलं कुणी?" मी कधीच बोलले नाही, की पहिल्यांदा मीच नेलं होतं.

तू गेलीस त्या दिवशीचं मला फारसं आठवत नाही. मी कामात होते.

पुराने एल्ड्रिजचा तळमजला बुडाला होता, आता सगळं पुन्हा होतं तसं केलं आहे म्हणतात. बघू.

आई

शनिवार, ९ मार्च, संध्याकाळ

जेनेल,

तू नव्हतीस.

सकाळी दहाला बस निघाली. बर्निसने कोलाच, खसखस भरलेले गोड पाव, आणले होते आणि अर्ध्या रस्त्यातच वाटून संपवले. मला खाववेना. ती म्हणाली, "लग्नाला निघालीस का? जरा तोंड सैल सोड." मी म्हटलं, कोलाच खाऊन दातांत खसखस घेऊन मला फिरायचं नाही. ती म्हणाली, "तिथे तुझे दात कोण बघणार आहे?" तिला काही माहीत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

बाल्कनीच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून गुडघ्यांची वाट लागली. तारे आहेत अजून. बाजाची पेटीही वर आली. मी कुणाकडेच बघितलं नाही, कार्यक्रमपत्रिका उघडली. त्यातून काहीतरी जाहिरातीचा कागद माझ्या मांडीवर पडला. तुझं नाव शेवटून दुसरं, फोटो टपालाच्या तिकिटाएवढा, नावापुढे लिहिलेलं: बदली.

"बदली म्हणजे काय गं?" मी बर्निसला विचारलं.

"मागे घोळक्यात नाचतात ना, त्यातल्या असतील."

मग अडीच तास मी घोळक्यात शोधत बसले. डोळ्यांत तेल घालून एकेक पोरगी बघितली. सोनेरी केसांची, लाल शालवाली, पाय लचकलेली, सगळ्या. एक तुझ्यासारखं कानामागे केस सारत होती, तिच्यावर दुर्बीण रोखली तर ती निघाली पंचविशीची. तेव्हा लक्षात आलं, की मी वीस वर्षांची पोर शोधते आहे. तू आता पस्तिशीची झालीस. पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना बघितलं. बर्निस दुर्बीण मागत होती, तिला छत बघायचं होतं, मी दिली नाही.

त्यामुळे गोष्ट मला अर्धीच कळली. रेल्वेफाट्याजवळ एक खानावळ आहे, वर भाड्याच्या खोल्या. ती चालवते टिल्डीबाई नावाची म्हातारी, पांढऱ्या केसांची, कमरेत जाड, चालताना एका पायावर भार देणारी. तिच्याकडे मी दुर्बीण फिरवली नाही. म्हाताऱ्या बघायला तिकीट कशाला काढायचं, आरशात फुकट दिसतात.

पण एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. दुसऱ्या अंकात खानावळीतली एक मुलगी बॅग भरून दारात येते. टिल्डीबाई पाठमोरी, चादरींच्या घड्या घालते आहे. मुलगी म्हणते, "तुम्ही तरी काही बोला ना." आणि ही बाई चादर हनुवटीखाली धरते, तीन घड्या घालते आणि वर दोन थापट्या मारते. लोक हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भर सभेत आपलं कुणीतरी सोंग काढावं तसं झालं. मग ती गायला लागली, चादरींबद्दलच. कुठली फाटली, कुठलीला ठिगळ आहे, कुठलीवर कुणाचं बाळ झालं. लोक हसायचे थांबले. शेवटच्या ओळीला ती घडी अर्धी टाकते, मुलीकडे वळते आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरते.

मला खोकला आला. रडू नव्हतं ते, खोकलाच होता. बर्निसने पुदिन्याची गोळी दिली. अर्धी चघळली, ती घशाला झोंबायला लागली, म्हणून मांडीवरच्या त्या कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली.

नाटक संपल्यावर सगळे नट ओळीने आले. मी उभी राहून पुन्हा एकदा मोजले. तू नव्हतीस.

बसमध्ये बर्निसने आधी उरलेल्या पुदिन्याच्या गोळ्या सगळ्यांना वाटल्या. मग म्हणाली, "पेपरात मीही वाचलं होतं, अर्लीन. त्यांनी चुकीचं छापलं असेल."

"असेल," मी म्हटलं.

"किंवा आजारी असेल पोर."

"असेल."

तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

घरी आले तर टपालाच्या पेटीत माझंच पत्र. सव्वीस तारखेचं. वर पिवळी पट्टी चिकटवलेली, पत्त्यावर राहत नाही, पाठवणाऱ्यास परत. म्हणजे मी येणार हे तुला कळलंच नव्हतं. दुसरं अजून वाटेत असेल, तेही येईल. हे कुठे पाठवू? तरी लिहिते आहे, कारण उद्यापासून लिहायचं नाही असं ठरवलं आहे. आता झेपत नाही.

तेव्हा खरं ते सांगून टाकते. बर्निसच्या बहिणीला ताप वगैरे काही नव्हता. तिकीट मी जानेवारीतच काढलं होतं, कंपनीच्या यादीत तुझा फोटो बघून. पेपर नंतर आला.

आणि तू गेलीस तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. बाबा म्हणाले, या दारातून गेलीस तर हे दार पुन्हा शोधू नकोस. तू त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "आई, तू तरी काही बोल." मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. चळतीत तीन उरले होते. मला वाटलं, हे तीन होईपर्यंत काहीतरी सुचेल. तिसऱ्यावर थापट्या मारल्या तेव्हा बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

टिल्डीबाई वळली, मी वळले नाही. तिचं काय, तिला लिहून दिलेलं असतं.

आई

रविवार, १० मार्च. एल्ड्रिजच्या मागची गल्ली, गाडीत

जेनेल,

घाईने लिहिते आहे. सव्वादोनला मध्यंतर होतं, तोवर हे नटांच्या दारावरच्या माणसाकडे द्यायचं आहे.

सकाळी बाबांना खोकल्याची उबळ आली. गोळी शोधायला मी माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, तर ती कालची, कागदात गुंडाळलेली, कागदाला घट्ट चिकटलेली. सोडवायला गेले तर कागदावर अक्षरं दिसली. जाहिरात नव्हतीच. 'आजच्या प्रयोगात टिल्डीबाईंच्या जागी जेनेल' आणि पुढे गोळी. नखाने खरवडून काढली. खाली व्होंद्रा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अडीच तास मी तुझ्याकडेच पाठ फिरवून तुला शोधत होते.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. आधी रागच आला. वाटलं, आईचं सोंग काढून लोकांना हसवते. मग ते परत आलेलं पत्र समोर टेबलावर दिसलं. मी येणार हे तुला ठाऊकच नव्हतं. ती घडी तू मला टोचायला घातली नव्हतीस. मी नसतानाही तू तशीच घालतेस, पंधरा वर्षं घालत असशील, कुठल्या कुठल्या गावांतल्या लाँड्रीत, हनुवटीखाली धरून.

मग मी उठले आणि बाबांना पेपरातलं कात्रण दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं, बोट घातलं होतं त्या भोकाएवढं आहे का ते बोटानेच मोजून पाहिलं. मग तो चिकट कागद दिला. त्याच्याकडे ते पुष्कळ वेळ बघत होते.

"कंपनी आज संध्याकाळी पुढच्या मुक्कामाला, ओमाहाला जाणार," मी म्हटलं. "तुला सांभाळायला आज कुणी नाही. मी जाते आहे, तेव्हा तुलाही यावं लागेल. येतोस?"

"नको," ते म्हणाले. "नको, नको."

आणि डाव्या हाताने खुंटीवरची टोपी काढायला लागले.

त्यांना गाडीत बसवायला मला पाऊण तास लागला. एकच्या प्रयोगाआधी, बाराला, दारावर पोचायचं असा माझा हिशेब होता. पोचले तर गल्लीत सामसूम. आत वाद्यं वाजत होती. दारावरचा म्हातारा सिगारेट ओढत होता.

"नाटक सुरू कसं झालं?" मी विचारलं. "अजून तास आहे."

"बाई, आज मार्चचा दुसरा रविवार," तो म्हणाला. "रात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर पुढे केलं की नाही? आख्ख्या देशाने केलं."

दरवर्षी ते बाबा करायचे. शनिवारी झोपायच्या आधी सगळ्या घरातून फिरायचे, स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलंही लावायचे. झटक्यानंतर गेल्या वर्षी बर्निसच्या नवऱ्याने लावून दिलं होतं. काल माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. एक तास असा हातातून गेला. माझे असे तास बरेच गेलेत.

मी म्हटलं, माझी मुलगी आत आहे. कोण, म्हणाला. मी व्होंद्रा म्हटलं. त्याने सिगारेट विझवली.

"काल टिल्डीबाई केलेली? ती आज नाही कामात. मूळची बाई बरी होऊन आली. तुमची आत बसलीये, तयारीत. नऊ जणींची कामं पाठ आहेत तिला, कुणी आजारी पडलं की उभी राहायची. कालचं तिला अकरा वाजता सांगितलं, दोनला उभी."

"ते चादरीचं," मी विचारलं, "हनुवटीखाली धरायचं. ते त्यांनी लिहून दिलेलं आहे का?"

"छे. मूळची बाई बोळा करून टोपलीत टाकते. ते तुमच्या मुलीचंच आहे. मी पडद्याआडून बघत होतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "नाटक चालू असताना मला कुणाला आत सोडता येत नाही, बाई. तिलाही जागा सोडता येत नाही. पण मध्यंतरात चिठ्ठी देतो. काय लिहायचं ते लिहून आणा."

म्हणून गाडीत बसून लिहिते आहे. परत आलेलं पत्र, सहा तारखेच्या पत्राची घरी राहिलेली कच्ची प्रत आणि कालचं, तिन्ही याच पाकिटात घातली आहेत. त्यात जे खोटं आहे तेही तसंच ठेवलं आहे. वाचायला वेळ मिळाला नाही तर ती राहू देत, हे एवढं वाच.

त्या दिवशी मी जे बोलले नाही, ते हे. जेनेल, जा. तुला तिथे पहिल्यांदा मीच नेलं, तेव्हा आता अडवायचा मला हक्क नाही. बाबांचं मी बघून घेईन. आणि फोन कर, मी उचलेन. एवढंच होतं. पंधरा वर्षं लागली त्याला, आणि तीन टॉवेल.

मला वाटत नाही की तू यायलाच हवं. सामान भरायची गडबड असेल, तुझी माणसं असतील, आणि बाबांना बघावंसं तुला नसेलही वाटत. ते शेजारी बसले आहेत, मांडीवर ते कात्रण आणि तो कागद. मघाशी मी म्हटलं, ती नाही आली तर आपण घरी जायचं, रडायचं नाही. त्यावर तिसरा शब्द आला, स्पष्ट.

आम्ही थांबतो. बाबांची चारची औषधाची गोळी मी बरोबर आणली आहे, पांघरूण आहे, पेट्रोल आहे. गल्लीच्या तोंडाशी बर्फाचा काळा ढिगारा आहे ना, त्याला लागून निळी व्हॅन. मी बाहेर उभी राहीन, म्हणजे शोधावं लागणार नाही. तू मला बघून पंधरा वर्षं झाली, पण ओळखायला अडचण पडायची नाही. काल तिथे तू जशी दिसत होतीस, तशीच मी आता दिसते.

तुझी आई